समीकरणात मंगळवार नाही

३ मार्च, सोमवार. पाठ: दोन.

पाठीच्या डॉक्टरीणबाईंनी ही वही करायला लावली. रोज दहापैकी किती दुखतंय ते लिहायचं, त्या दिवशी काय उचललं आणि किती वेळ उभी राहिले तेही लिहायचं. मी म्हटलं, मोजणं हाच माझा धंदा आहे, त्यात काय अवघड. त्या म्हणाल्या, मग खरं मोजा.

आज दोन, म्हणजे नसल्यासारखंच. मावशी आल्या होत्या. बाबांची डावी बाजू दोन वर्षांपासून लुळी आहे आणि मावशी त्यांना उठवतात, बसवतात, आंघोळ घालतात. फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी त्या दुसऱ्या एका आजीबाईंकडे जातात. त्या दोन दिवशी हे सगळं माझ्याकडे.

डॉक्टरीणबाईंनी कामाबद्दलही लिहायला सांगितलंय. तर काम असं: दोन आरशांच्या मध्ये केसाहून बारीक थर, त्यात लेसर सोडायचा. कोंडलेला प्रकाश आणि त्या थरातला पदार्थ एकमेकांत इतके मिसळतात की अर्धा प्रकाश, अर्धा पदार्थ असा एक द्रव तयार होतो आणि तो चक्क वाहतो. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे अर्धी दाढी करून उठलेलं गिऱ्हाईक." बाबांनी चाळीस वर्षं केस कापायचं दुकान चालवलं. त्यांना अख्खं जग खुर्चीत बसलेलं दिसतं.

या द्रवात भोवरे पडतात. भोवरा कुठल्या बाजूला फिरेल हे आपण ठरवायचं, एवढ्यासाठी माझी पाच वर्षं गेली. लेसरच्या वाटेत काचेची एक पट्टी आहे. ती इकडे वळवली की लेसरची स्पिन, म्हणजे त्याच्या प्रकाशाची गिरकी, उजवी, तिकडे वळवली की डावी, आणि भोवऱ्याने त्याप्रमाणे फिरायला हवं. कॅमेऱ्यात त्याचा वळसा गोगलगाईच्या शंखासारखा दिसतो. आज तो तेराही वेळा हुकमाबरहुकूम फिरला.

दहा एप्रिलला तिघांची समिती येणार आहे. त्यांच्यासमोर भोवऱ्याने ऐकलं तर काम चालू राहील. नाही ऐकलं तर मे महिन्यात ही खोली दुसऱ्या गटाकडे जाईल. संचालकबाईंनी हे फार गोड बोलून सांगितलं.

४ मार्च, मंगळवार. पाठ: सात.

बाबांना पलंगावरून चाकाच्या खुर्चीत घेताना कमरेत चमक निघाली. बाबांच्या लक्षात आलं. मग ते दिवसभराचं सगळं बोलणं संपल्यासारखे गप्प झाले, आणि ते मला दुखण्यापेक्षा जड गेलं.

मंगळवार-शुक्रवार हे हेलियमकाकांचेही दिवस. आमचा थर कमालीचा गार ठेवावा लागतो, त्यासाठी थंड भांड्यात द्रव हेलियम भरावा लागतो. तो भरणारे हे काका. एकतीस वर्षं इथे आहेत, जूनमध्ये निवृत्त होतील. मला टेबलाला धरून चालताना त्यांनी पाहिलं. काही न विचारता ते गेले आणि आपल्या खोलीतली खुर्ची घेऊन आले. हातांची लाकडी खुर्ची, पाठीला उशी बांधलेली.

खुर्चीत बसून वरच्या कॅमेऱ्याचा स्क्रू हाताला येत नाही. म्हणून जुना दुसरा कॅमेरा टेबलाच्या कडेला खाली बसवला आणि मध्ये एक उचल-पाड आरसा. आरसा उचलला की चित्र खालच्या कॅमेऱ्यात येतं, पाडला की वरच्या. दहा मिनिटांचं काम. आज नुसता फोकस लावून ठेवला. प्रयोगाच्या वहीत आरशाचं लिहायचं राहिलं, उद्या लिहीन.

७ मार्च, शुक्रवार. पाठ: सहा.

आज काहीतरी बिनसलं. काकांनी हेलियम भरला, मी खुर्चीत बसून कामाला लागले. पट्टी उजवीकडे, तर भोवरा डावीकडे. पट्टी डावीकडे, तर भोवरा उजवीकडे. वीस वेळा केलं, वीसही वेळा उलटा. मधूनच चुकला असता तर मी समजू शकले असते. हा तर नेमाने उलट वागत होता.

पट्टी काढली, पुसली, पुन्हा लावली. तरीही तेच. घरी आल्यावर बाबांना भरवताना लक्ष नव्हतं, चमचा त्यांच्या हनुवटीला लागला.

८ मार्च, शनिवार. पाठ: तीन.

राहवेना म्हणून सुट्टीच्या दिवशी गेले. मावशी होत्या, त्यामुळे निवांत जाता आलं. उभ्यानेच वरच्या कॅमेऱ्यावर बारा वेळा पाहिलं. बाराही वेळा बरोबर. मग काल काय झालं होतं? पट्टी पुसल्याने सुधारलं म्हणावं तर काल पुसल्यावरही उलटाच होता.

११ मार्च, मंगळवार. पाठ: आठ.

पुन्हा उलटा. आणि आज आणखी एक गोष्ट दिसली. आमच्या थरावर एक बारीक डाग आहे, तयार होतानाच पडलेला. मी त्याला तीळ म्हणते. तो नेहमी चित्राच्या डाव्या बाजूला असतो, त्याच्यावरूनच मी जागा शोधते. आज तो उजवीकडे! म्हणजे थर जागचा हलला. हेलियम भरताना त्या लांब नळीचा धक्का भांड्याला लागला असणार, दुसरं कोण जातंय तिथे? द्रवाच्या कडेला स्पिनची जी नक्षी उमटते, तीही दुसऱ्या अंगाला गेलेली.

काकांनी जाताना खुर्चीची उशी वर सरकवून घट्ट बांधून दिली. बरं वाटलं, पण मन भलतीकडेच होतं.

१२ मार्च, बुधवार. पाठ: चार.

आज सगळं सरळ. तीळ जागेवर, भोवरा ताळ्यावर. आमच्या गणितीला बोलावलं. तो माझ्याबरोबर शिकलेला, कागदावरचं सगळं तो बघतो. मी त्याला सांगितलं की हे फक्त हेलियम भरतात त्या दिवशी होतं. त्याने बराच वेळ डोकं खाजवलं. तापमान थोडं बदललं तर भोवरा अडखळेल, फुटेल, पण असा शिस्तीत उलटा का फिरेल?

"अगं, माझ्या समीकरणात मंगळवार नाही," तो म्हणाला.

मी हसले, पण मला उत्तर हवं होतं. एकोणतीस दिवस उरलेत.

१४ मार्च, शुक्रवार. पाठ: सात.

पुन्हा उलटा. आता शंकेला जागा नाही. काका जेवायला गेल्यावर त्यांचं हेलियमचं रजिस्टर उचलून आणलं आणि भरल्याच्या तारखा उतरवून घेतल्या. एका रकान्यात तारखा, शेजारी माझे निकाल. सात मार्चपासून हेलियम भरला तो प्रत्येक दिवस उलटा, न भरलेला प्रत्येक दिवस सरळ. इतका स्वच्छ तक्ता पाच वर्षांत हाती आला नव्हता. खरं सांगायचं तर तो पाहून मला क्षणभर आनंदच झाला.

रजिस्टर माझ्याच खणात ठेवून घेतलंय. काकांना दुसरं देऊ म्हणून स्टोअरला कळवलं.

१७ मार्च, सोमवार. पाठ: दोन.

काकांना बोलावून विचारलं. शांतपणेच विचारलं. नळी घालताना भांड्याला किंवा टेबलाला धक्का लागतो का? म्हणाले, नाही. काही सरकतं का? नाही. कधी चुकून लागला असेल आणि सांगायचं राहिलं असेल, तर तसं सांगा, मी काही म्हणणार नाही. यावर ते म्हणाले:

"भरायच्या आधी टेबलावर काय कसं होतं, ते मी लिहून ठेवतो मॅडम. सगळं रजिस्टरमध्ये आहे. ते तर तुमच्याकडेच आहे."

म्हणजे उत्तर टाळलं. तारखा मी पाहिल्यात, तारखाच तर सांगतायत! मला राग चुकीबद्दल नाही आला, ती लपवण्याबद्दल आला. धक्का लागला हे कबूल केलं असतं तर नळीला आधार लावून विषय संपला असता.

१८ मार्च, मंगळवार. पाठ: आठ.

उलटा. मी आज काकांच्या मागे उभी राहून त्यांचं काम पाहायचं ठरवलं होतं, पण पाठीने उभं राहू दिलं नाही. त्यांनीच खुर्ची पुढे केली. मी तिच्यात बसून त्यांच्या हातांकडे बघत राहिले. त्यांना ते कळत होतं. नळी घालायला त्यांना नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला.

१९ मार्च, बुधवार. पाठ: तीन.

संचालकबाईंना पत्र दिलं, तक्ता जोडून. 'निष्काळजीपणा' हा शब्द लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. 'विचारणा केली असता माहिती देण्याचे टाळले' हे वाक्यही घातलं. बाईंनी तक्ता पाहिला आणि म्हणाल्या, हे तर अगदी उघड आहे. बावीस दिवसांवर समिती आली असताना दुसरं काय करणार होते मी?

बाबांनी रात्रीच्या जेवणाला विचारलं की चेहरा असा का. सांगितलं, कामावरच्या एका माणसाची तक्रार करावी लागली. ते म्हणाले, तो काय म्हणाला? मी म्हटलं, काही नाही, रजिस्टर बघा म्हणाला.

२१ मार्च, शुक्रवार. पाठ: आठ.

काकांची कालच सिलिंडरच्या गोदामात बदली झाली. चौकशी होईल, आणि तिचा निकाल निवृत्तीच्या कागदांना जोडला जाईल. हे मला आजच कळलं. एवढं होईल असं वाटलं नव्हतं.

पलीकडच्या इमारतीतल्या एकाने येऊन हेलियम भरला. घाईघाईत, नळी आपटत. काका जाताना आपली खुर्ची घेऊन गेले होते, ती त्यांची स्वतःची होती. मी कमरेचा पट्टा आवळून दिवसभर उभी राहिले, वरच्या कॅमेऱ्याशी. आणि भोवरा? चोवीस वेळा, एकदाही न चुकता, बरोबर. तीळ डावीकडे, नक्षी जागच्या जागी.

म्हणजे झालं. हेलियम तोच, वार तोच, फक्त माणूस बदलला. संचालकबाईंना निरोप पाठवला. त्यांनी अभिनंदन कळवलं. मला खूप आनंद व्हायला हवा होता. पाठीमुळे असेल.

२५ मार्च, मंगळवार. पाठ: आठ.

पुन्हा पट्टा, पुन्हा उभ्याने. सगळं बरोबर.

दुपारी गोदामावरून जावं लागलं. काका सिलिंडरांच्या रांगेत त्याच खुर्चीत बसून त्यांच्या लोखंडी टोप्या मोजत होते. मी मान खाली घालून निघाले, तर त्यांनीच हाक मारली. म्हणाले, आज मंगळवार, पाठ कशी आहे? मी ठीक म्हटलं आणि भरभर चालायला लागले. भरभर चालल्याने अजून दुखतंय.

त्यांना माझ्या पाठीचे वार कसे पाठ, असं वाटून गेलं. चौकशीत मी सौम्य बोलावं म्हणून असेल.

१ एप्रिल, मंगळवार. पाठ: नऊ.

आज रंगीत तालीम होती. संचालकबाई आणि गणिती समोर बसले होते. सकाळी बाबांना उचलताना दोघंही पडता पडता वाचलो, त्यामुळे उभं राहणं शक्यच नव्हतं. कॅन्टीनमधून प्लास्टिकची खुर्ची मागवली, बसले, खालचा कॅमेरा लावला.

पट्टी उजवीकडे. भोवरा डावीकडे.

पुन्हा केलं. पुन्हा डावीकडे. तीळ उजव्या बाजूला जाऊन बसलेला. बाईंनी अगदी हळू विचारलं, "काका तर इथे नाहीत. मग?"

मग मी जे केलं ते लिहायची लाज वाटते, पण खरं मोजायचं ठरलंय. फाटकावरच्या पहारेकऱ्याला जाऊन विचारलं, हेलियमकाका आज सकाळी प्रयोगशाळेच्या बाजूला आले होते का? तो म्हणाला, ते गोदाम सोडून कुठेच जात नाहीत, जेवायलासुद्धा. माझ्याकडे त्याने ज्या नजरेने पाहिलं ती अजून डोळ्यांसमोर आहे.

३ एप्रिल, गुरुवार. पाठ: चार.

काल आणि आज सरळ. चाळीस वेळा. उद्या पुन्हा शुक्रवार आहे. गणिती म्हणतो, समितीसुद्धा गुरुवारी येतेय, तेव्हा देव पावला. मला त्याच्या थट्टेने रडूच आलं. हुकूम न ऐकणारा भोवरा फक्त सोयीच्या वारी दाखवायचा, आणि त्याला काबू मिळवला म्हणायचं?

६ एप्रिल, रविवार. पाठ: कळत नाही.

क्रमाने लिहिते.

सकाळी बाबा म्हणाले, आज दाढी आरशासमोर कर, मला बघायचंय तू कशी करतेस. एरवी मी त्यांच्या समोर उभी राहून करते. त्यांच्या उजव्या गालावरचा तीळ तेव्हा माझ्या डाव्या हाताला असतो, त्याला वळसा घालून वस्तरा न्यायची सवय झालीय. आज चाकाची खुर्ची कपाटाच्या आरशासमोर लावली आणि मी त्यांच्या मागे उभी राहिले, ते दुकानात उभे राहायचे तशी. एक गाल झाला. दुसऱ्या गालावर वस्तरा नेला आणि तिळाला लावला. रक्ताचा थेंब आला.

"आरशात बघून काय करतेस? माझ्याकडे बघ," बाबा म्हणाले. "दुकानात मोठी झालीस ना? आरसा गिऱ्हाइकासाठी असतो. आपण डोक्याकडे बघायचं."

मी आरशात पाहिलं. तीळ माझ्या उजव्या हाताला होता.

वस्तरा हातात तसाच राहिला. सात वर्षांची असताना मी दुकानातल्या बाकावर बसून बाबांना विचारलं होतं की समोरच्या आरशात गिऱ्हाइकाचा भांग उलट्या बाजूला का, आणि मानेमागे तुम्ही दुसरा आरसा धरता त्यात तो पुन्हा बरोबर का होतो. त्यांनी मला हातात आरसा देऊन ते करून दाखवलं होतं. एका आरशाने उलटं होतं, दुसऱ्याने सुलटं. मी भौतिकशास्त्र शिकले ते तिथून. आणि चार मार्चला मी स्वतःच्या हातांनी एक आरसा जास्तीचा बसवला होता.

बाबांनी विचारलं काय झालं. काही नाही म्हटलं, मावशींना हाक मारली आणि त्यांना अर्ध्या दाढीवर सोडून निघाले.

प्रयोगशाळेत कशालाही हात लावला नाही, फक्त तो आरसा. पाडला, भोवरा उजवीकडे. उचलला, डावीकडे. पाडला, उजवीकडे. तीळ या बाजूचा त्या बाजूला उडी मारत होता. द्रव तर एकदाही चुकला नव्हता. पाठ दुखते त्या दिवशी मी बसते, बसले की आरसा उचलते. मावशींच्या सुट्टीचे वार आणि काकांचे वार एकच. ही पाठीची वही आणि माझा तक्ता शेजारी शेजारी ठेवला. मागच्या दोन शुक्रवारी मी प्रयोग केलाच नव्हता; बाकी शुक्रवार एकवीस आणि मंगळवार पंचवीस सोडले तर दोन्ही ओळीने जुळतात, आणि त्या दोन दिवशी मी दुखत असूनही उभी होते. कारण खुर्ची नव्हती.

मग खणातून रजिस्टर काढलं. मी फक्त तारखांचा रकाना उतरवला होता. शेवटचा रकाना शेऱ्याचा. बारीक, सरळ अक्षर.

'४ मार्च. मॅडमची पाठ धरली आहे. खुर्ची दिली. टेबलावर नवा आरसा बसवला आहे.'

'७ मार्च. मॅडम खुर्चीत. आरसा वर.'

'११ मार्च. पाठ जास्त. उशी वर बांधली. आरसा वर.'

'१४ मार्च. खुर्ची. आरसा वर.'

सगळं रजिस्टरमध्ये होतं. ते तेवीस दिवस माझ्या खणात होतं.

७ एप्रिल, सोमवार. पाठ: तीन.

सकाळी सकाळी संचालकबाईंकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले, मग म्हणाल्या की ही तर आनंदाची बातमी आहे, भोवरा पूर्ण आपल्या ताब्यात आहे. आरसा काढून टाका, गुरुवार छान पार पडेल. काकांविरुद्धचं पत्र नंतर सावकाश मागे घेऊ, आत्ता काढलं तर समिती विचारेल की ज्यांना स्वतःचा आरसा दिसत नाही त्यांच्या बाकी आकड्यांचं काय.

त्यांचं चूक नाही. समिती तेच विचारेल.

गोदामाच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. दोनदा.

८ एप्रिल, मंगळवार. पाठ: सात.

आज गेले. काका खुर्चीतून उठले आणि मला बसा म्हणाले. मी उभ्यानेच सांगितलं. आरसा माझा, चूक माझी, शेरे मी वाचलेच नव्हते. मला माफ करा, असंही म्हटलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. हातातल्या टोपीवरची धूळ अंगठ्याने पुसत राहिले.

"तुम्ही शेरे वाचले असतील असंच मला वाटत होतं," ते म्हणाले. "वाचूनही पत्र दिलंय, म्हणजे मॅडमकडे काहीतरी कारण असेल. गेले तीन आठवडे मी ते कारण शोधतोय."

त्यांनी रागावायला हवं होतं. मी किती वेळ तिथे उभी होते ते मोजलेलं नाही.

१० एप्रिल, गुरुवार. पाठ: पाच.

समिती आली. दोघे पुरुष आणि काठी टेकत चालणाऱ्या एक वयस्कर बाई. संचालकबाई दारापाशी उभ्या होत्या. आरसा मी काढला नव्हता. त्यांना तो दिसला आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

आधी सगळं नीट दाखवलं. त्यांनी चिठ्ठ्या टाकून उजवं-डावं ठरवलं, मी पट्टी वळवत गेले. तीस वेळा. भोवरा तीसही वेळा हुकमाप्रमाणे फिरला. मग दोन भोवरे शेजारी शेजारी, एक इकडे एक तिकडे, आणि त्यांच्या मधून जाणारी स्पिनची नक्षी. एक सदस्य खुर्ची पुढे ओढून पडद्याला नाक लावून बसले. इथे थांबले असते तर चाललं असतं. संचालकबाई हसत होत्या, टाळ्या वाजवायला हात वर आलेलेच होते.

मी आरसा उचलला. तेच सगळं उलटं झालं. मग सांगितलं: हा आरसा मी बसवला, वहीत लिहिला नाही, आणि चार दिवसांचे निकाल उलटे आले तेव्हा स्वतःचं टेबल तपासण्याऐवजी हेलियम भरणाऱ्या माणसाविरुद्ध पत्र लिहिलं. ज्या रजिस्टरमधून तारखा घेतल्या त्याच पानावर खरं कारण लिहिलेलं होतं. आवाज माझाच होता पण दुरून आल्यासारखा वाटत होता. रजिस्टर त्यांच्यासमोर उघडं ठेवलं.

काठीवाल्या बाईंनी चष्मा लावून शेरे वाचले, वरपासून खालपर्यंत, बोट फिरवत.

"हे लिहिणारे गृहस्थ आज कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

संचालकबाईंनी सांगितलं, गोदामात. बाईंनी रजिस्टर मिटलं आणि म्हणाल्या, निर्णय महिन्याभरात कळवू. खोलीचं काय होईल कोणास ठाऊक. संध्याकाळी काकांची बदली रद्द झाल्याचा आणि चौकशी बंद झाल्याचा कागद निघाला. त्याची एक प्रत मला पाठवली होती, वर एकही शब्द न लिहिता.

११ एप्रिल, शुक्रवार. पाठ: नऊ.

काय उचललं: सकाळी बाबा. नंतर एक लाकडी खुर्ची, गोदामापासून काकांच्या खोलीपर्यंत, दोन जिने. मदतीला कोणाला घेतलं नाही. किती वेळ उभी राहिले: दिवसभर.

प्रयोगाच्या वहीत चार मार्चची नोंद आज केली, आजच्या तारखेने, उशीर का झाला ते कारण लिहून. बाबांना काल रात्रीच सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले, माझीही दाढी तू अर्धी सोडून गेलीस, मला मावशींनी पूर्ण करून दिली, आता त्या माणसाचं तू बघ.

काका दहा वाजता आले. नमस्कार मॅडम म्हणाले, मी नमस्कार म्हटलं. खोलीत आपली खुर्ची त्यांनी पाहिली असणार, त्याबद्दल काही बोलले नाहीत. टेबलाभोवती एक फेरी मारून सगळं बघितलं, उचल-पाड आरशाची रिकामी जागासुद्धा. नळी घातली, हेलियम भरला. सगळं नेहमीसारखं, जराही धक्का न लावता. मी टेबलाला टेकून उभी होते आणि ते त्यांना दिसत होतं.

मग रजिस्टर मागितलं. मी खणातून काढून दोन्ही हातांनी दिलं. त्यांनी तारीख लिहिली, किती भरला ते लिहिलं, सही केली, पेन खिशाला लावलं आणि गेले.

ते गेल्यावर मी पान उघडून पाहिलं. शेऱ्याचा रकाना कोरा होता.